फॉस्टर पालक व्हायचंय? मूल घरी येण्याआधीचं प्रशिक्षण कुठून आणि कसं घ्यायचं

फॉस्टर पालक होऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कोर्स कुठे करायचा आणि किती दिवसांचा? अमुक तासांचे वर्ग करून प्रमाणपत्र आणा, मग मूल मिळेल, अशी अट बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये नाही. या कायद्याचं कलम ४४ फॉस्टर केअरचं, म्हणजे मूल दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळण्याचं, सरकारी भाषेत प्रतिपालकत्वाचं. कुटुंब निवडताना त्याची कुवत, हेतू आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव बघा, एवढं ते सांगतं. तुम्हाला तयार करण्याचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि त्याच्यासोबतची एखादी संस्था यांच्याकडे येतं, आणि ते किती मन लावून होईल हे जिल्ह्यावर आणि तिथल्या माणसांवर अवलंबून असतं. म्हणून या लेखात माझा आग्रह एकच आहे. अर्ज केल्या दिवसापासून मूल घरी येईपर्यंतचा सगळा काळ प्रशिक्षणाचा समजा. जे सरकारकडून मिळायला हवं ते मागून घ्या, आणि जे मिळत नाही ते स्वतः जमवा.

पहिली पायरी: दत्तक आणि फॉस्टर यांची गल्लत मिटवा

ही गल्लत मिटली नाही तर पुढचं कुठलंही प्रशिक्षण डोक्यात शिरत नाही. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. आडनाव, वारसाहक्क, सगळं. फॉस्टरमध्ये मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्याकडे जेवतं, शाळेत जातं, आजारी पडलं की तुम्ही जागता. पण त्याच्याविषयीचे कायदेशीर निर्णय बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, हातात राहतात. त्याचे आईवडील हयात असू शकतात. कुणी तुरुंगात असेल, कुणी दीर्घ आजारात, कुणाला समितीने सध्या सांभाळ करायला असमर्थ ठरवलेलं असेल. कायद्यानुसार अशा पालकांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येतं, मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच समिती ते थांबवते. आणि समितीला पालक सावरल्याची खात्री पटली की मूल परत जातं. तुमच्या घरात कितीही रमलं असलं तरी.

केंद्राने २०२४ मध्ये फॉस्टर केअरची आदर्श मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यांत एक बदल असा, की फॉस्टर कुटुंबाला मूल दत्तक घ्यायचं असेल तर आधी पाच वर्षं थांबावं लागे, ते आता दोन वर्षांवर आलं. ही बातमी वाचून अनेकांचे डोळे चमकले. दत्तकाची प्रतीक्षा लांबलचक, तेव्हा हा आडरस्ता बरा, असा हिशेब करून कुणी येत असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे की येऊ नका. दत्तक जाऊ शकणारं मूल दीर्घकालीन फॉस्टरमध्ये देऊच नये, असं कलम ४४ मध्येच लिहिलं आहे. तान्ही बाळं इथे मिळणार नाहीत. ही सोय मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना आपली आई, आपलं गाव, आपली भावंडं नीट आठवत असतात.

महाराष्ट्रात आणखी एक गोंधळ होतो तो बालसंगोपन योजनेमुळे. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गेलेली, पालक गंभीर आजारी असलेली किंवा नातेवाइकांकडे राहणारी मुलं घरातच वाढावीत म्हणून तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. कार्यालय तेच असल्यामुळे खिडकीवर 'मुलाचा सांभाळ' म्हटलं की हाच फॉर्म हातात पडू शकतो. तुम्हाला परक्या मुलाला घरी आणायचं आहे, कलम ४४ खालचं प्रतिपालकत्व हवं आहे, हे आधीच स्पष्ट सांगा.

दुसरी पायरी: पात्रता तपासा

यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. पूर्वी विवाहित जोडपीच पात्र होती. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीररीत्या विभक्त अशी एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या व्यक्तीचं वय ३५ ते ६० या दरम्यान हवं. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कुणीही सोपवता येतं, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याच्या वयांची बेरीज किमान ७० असावी आणि किमान दोन वर्षांचा स्थिर संसार झालेला असावा. घरातल्यांची वैद्यकीय तपासणी होते, पोलीस पडताळणी होते, आणि तुमचं उत्पन्न मुलासाठी मिळणाऱ्या पैशावर अवलंबून नाही हे पाहिलं जातं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली प्रतिपालकत्वासाठी प्रत्येक मुलामागे दरमहा ४,००० रुपये धरलेले आहेत. ते मुलाच्या खर्चाचे आहेत, तुमच्या श्रमाचे नाहीत; आणि सरकारी पैसा वेळेवर येईलच या भरवशावर घरखर्चाचं गणित मांडू नका.

तिसरी पायरी: योग्य दारातून आत शिरा

दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, पोर्टलवर फॉस्टर पालक म्हणूनही नोंदणी करता येते. पण ऑनलाइन फॉर्म भरून गप्प बसू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जा, तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात गैरसंस्थात्मक, म्हणजे बालगृहाबाहेरच्या, काळजीचं काम कोण पाहतं ते विचारा आणि त्या व्यक्तीला समोरासमोर भेटा. पुढचे कित्येक महिने तुमचा संबंध याच माणसांशी येणार आहे. जिल्ह्यात ओळखपाळख नसेल तर दत्तक आणि कुटुंबाधारित संगोपनात जुन्या असलेल्या संस्थांकडे चौकशी करा. मुंबईत फॅमिली सर्व्हिस सेंटर, पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्र ही नावं या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहेत.

मूल सोपवण्याचा आदेश फक्त बालकल्याण समितीच देऊ शकते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्यासारखे अधिकार असतात. एखाद्या दवाखान्यातून, मठातून किंवा ओळखीच्या बालगृहातून 'घेऊन जा, कागद नंतर बघू' असं कुणी म्हणालं तर तिथून निघा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

चौथी पायरी: गृहअभ्यासाला परीक्षा समजू नका

अर्जानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येतो. त्याला गृहअभ्यास म्हणतात. बहुतेक घरांत त्या दिवशी पडदे बदलले जातात, पोहे होतात, आणि सगळे जण आदर्श कुटुंबासारखे सोफ्यावर रांगेत बसतात. कार्यकर्त्याला हे सगळं ओळखीचं असतं. त्याला हवं असतं ते वेगळंच. तुमचं भांडण झालं की घरात काय होतं? तुम्हाला लहानपणी मार बसला का, आणि त्याबद्दल आज काय वाटतं? स्वतःचं मूल व्हावं म्हणून उपचार घेतले असतील तर ते दुःख कुठवर ओसरलंय? घरात कोण दारू पितं? सासूबाईंना हे सगळं पटलंय की त्या गप्प आहेत?

हे प्रश्न बोचतात. पण पुढे येणारं मूल हेच प्रश्न शब्दांवाचून विचारणार आहे, आणि तेही रात्री अकरा वाजता. म्हणून गृहभेटीआधी पतीपत्नींनी, किंवा एकट्या अर्जदाराने एखाद्या जवळच्या मैत्रिणीसोबत, ही उत्तरं एकदा मोठ्याने बोलून पाहावीत. जिथे उत्तर अडतं तिथे तुमचं प्रशिक्षण सुरू होतं.

त्याच भेटीत तुम्हीही विचारा. आमच्या घरी कुठल्या वयाचं मूल चालेल असं तुम्हाला वाटतं? कशा मुलाला आम्ही न्याय देऊ शकणार नाही? अंथरुणात लघवी करणारं मूल आम्हाला झेपेल, पण स्वतःला इजा करणारं झेपणार नाही, असं प्रामाणिकपणे सांगणारा अर्जदार कार्यकर्त्याला आवडतो. 'आम्हाला कुठलंही मूल चालेल' हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यातून जुळणी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पाचवी पायरी: प्रशिक्षणात काय असायलाच हवं

कक्षाकडून किंवा संस्थेकडून बैठका ठरल्या तर त्यांत खालचे विषय येतात का ते बघा. नाही आले तर नाव घेऊन मागा.

सगळ्यांत महत्त्वाचा विषय आघाताचा. मारहाण, उपासमार, आईचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, किंवा नुसतंच वर्षानुवर्षं कुणी 'आपलं' नसणं, यांचा परिणाम मुलाच्या वागण्यात दिसतो आणि तो वरवर उद्धटपणासारखा वाटतो. पोट भरलेलं असूनही चपात्या उशीखाली लपवणं. क्षुल्लक गोष्टीत खोटं बोलणं. पहिले काही आठवडे अतिशय शहाण्यासारखं वागून मग अचानक सगळं उधळून देणं. या शेवटच्या गोष्टीने नवे पालक हादरतात आणि 'आधी किती चांगला होता' म्हणू लागतात. खरं तर आधी तो पाहुणा होता. आता त्याला वाटू लागलंय की इथे आपण राहणार, तेव्हा तो तुम्हाला तपासून पाहतोय. हे आधी माहीत असलं तर चपात्या सापडल्यावर ओरडण्याऐवजी त्याच्या खोलीत बिस्किटांचा डबा ठेवावा हे सुचतं.

मग शिस्त. मारणं नाही, कोंडणं नाही, उपाशी ठेवणं नाही, आणि 'परत बालगृहात पाठवीन' ही धमकी तर कधीच नाही. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं हा याच कायद्याच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीने हात आवरला तरी प्रश्न सुटत नाही, कारण आपल्यापैकी बहुतेकांना चापट सोडून दुसरं हत्यार शिकवलेलंच नसतं. राग आल्यावर स्वतः खोलीबाहेर जाणं, नियम थोडे पण रोज तेच ठेवणं, चुकीचा परिणाम त्या चुकीशी जोडलेला ठेवणं, हे सरावाने येतं. सांडलं तर पुसायचं. सांडलं म्हणून क्रिकेट बंद, असं नाही. चांगला प्रशिक्षक असे प्रसंग तुमच्याकडून करवून घेतो. नुसतं व्याख्यान असेल तर तुम्हीच उठून सांगा: आपण एक प्रसंग करून बघू.

मुलाच्या आईवडिलांविषयी कसं बोलायचं, याला वेगळी बैठक हवी. ज्या बापाने मारलं त्याच्याबद्दल मूल प्रेमाने बोलेल आणि तुमच्या पोटात कालवेल. तरीही 'तो वाईट माणूस होता' असं म्हणू नका. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की मीही अर्धा वाईट आहे. 'बाबा तुला सुरक्षित ठेवू शकले नाहीत, ते त्यांचं काम होतं', इतकं पुरतं. भेटीच्या दिवसाआधी आणि नंतर मुलं बिघडतात: ताप येतो, भांडणं होतात, शाळेतून तक्रार येते. म्हणून भेटच बंद करा, असा अर्ज करण्याची घाई नको.

कायद्यातल्या दोन गोष्टी पाठ असाव्यात. एक, लैंगिक अत्याचार घडल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर 'पोक्सो' या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरातल्या घरात मिटवणं हा गुन्हा आहे. दोन, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमांत किंवा संपर्काच्या इतर कुठल्याही माध्यमात उघड करायला कलम ७४ ची मनाई आहे. म्हणजे गणपतीच्या आरतीतला फोटो 'आमचं नवं बाळ' म्हणून फेसबुकवर टाकायचा नाही, आणि तो मामेभावाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसलाही जाणार नाही हे तुम्हीच बघायचं.

आरोग्य आणि शाळा हे विषय त्या मानाने सोपे. लसीकरणाची नोंद, रक्तगट, चष्मा, दात, ॲलर्जी आणि सुरू असलेली औषधं, यांची यादी बालगृहाकडून लेखी घ्या. फॉस्टर मूल वर्गात मागे असण्याची शक्यता बरीच. शाळेत किती सांगायचं आणि किती नाही हे कार्यकर्त्यासोबत ठरवा. वर्गशिक्षिकेला एवढं कळलं तरी पुरतं, की 'माझं कुटुंब' हा निबंध देण्याआधी तिने तुम्हाला फोन करावा.

कागदपत्रांचं तेवढं हलक्यात घेऊ नका. आधार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, समितीचे आदेश, जातीचा दाखला असेल तर तो. मूल अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्राची चौकशी करा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवलं आणि त्याचा लाभ या एका कागदावर अडतो. सगळ्याची वेगळी फाईल करा, कारण मूल उद्या तुमच्या घरातून गेलं तरी ती फाईल त्याच्यासोबत जायची आहे.

सहावी पायरी: जे मिळत नाही ते स्वतः जमवा

कक्षाला एक साधं पत्र द्या: आम्हाला मूल येण्याआधी प्रशिक्षण हवं आहे, पुढची बैठक केव्हा आहे, नसेल तर जवळच्या कुठल्या जिल्ह्यात किंवा संस्थेत बसता येईल? पत्राची पोच घ्या. तोंडी विचारणा हवेत विरते, आवक क्रमांक पडलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं. काही हालचाल झाली नाही तर तेच पत्र पुण्यातल्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे पाठवता येतं.

दरम्यान बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतला 'संवाद' उपक्रम बघा. अडचणीतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने तो उभा केला आहे आणि त्याचं बरंच प्रशिक्षण साहित्य ऑनलाइन मोफत आहे. इंग्रजीचं प्रमाण जास्त आहे, पण खेळातून मुलाशी अवघड गोष्टी कशा बोलायच्या याचे नमुने फार कामाचे आहेत.

प्रथमोपचार मात्र व्हिडिओवर शिकू नका. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे वर्ग असतात, तिथे हाताने करून शिका.

परवानगी घेऊन बालगृहात काही महिने नियमित जा: अभ्यास घ्यायला, फुटबॉल खेळायला, काहीही. मूल निवडायला म्हणून जाऊ नका. तसं वागलात तर अधीक्षक दारातूनच परत पाठवतील आणि ते योग्यच करतील. जायचं ते यासाठी, की घंटेवर उठणारं, घंटेवर जेवणारं, स्वतःचं असं एकही कपाट नसलेलं आयुष्य कसं असतं ते दिसावं. दहा वर्षांच्या मुलाने गॅस कधी पेटताना जवळून पाहिलेला नसतो, किराणा दुकानात पैसे दिलेले नसतात, आणि एकट्याने खोलीत झोपायची त्याला धास्ती असते, हे तिथे गेल्याशिवाय लक्षात येत नाही.

आणि शक्य झालं तर एखाद्या अनुभवी फॉस्टर कुटुंबाशी भेट घालून द्यायला कक्षाला सांगा. ज्यांच्याकडून मूल परत गेलं आहे असं कुटुंब मिळालं तर उत्तम.

सातवी पायरी: घरातल्या बाकीच्यांची तयारी

प्रशिक्षणाला आईबाबा जातात आणि घरात मुलाशी सगळ्यात जास्त वेळ आजी असते. मग दुपारी तीन वाजता आजी विचारते, 'तुझी आई कुठे पळाली रे?' तिचा हेतू वाईट नसतो, पण संध्याकाळपर्यंत मूल मुकं झालेलं असतं. म्हणून आजीआजोबांना किमान एका बैठकीला घेऊन जा. जात कोणती, रक्त कुणाचं, हे प्रश्न त्यांच्या मनात असतीलच. ते मूल येण्याआधी मोठ्यांमध्ये बोलून घ्या, मुलासमोर नकोत.

तुमची स्वतःची मुलं असतील तर त्यांना खरं सांगा. कुणीतरी येणार आहे, ते कदाचित कायम राहणार नाही, त्याला तुझी सायकल लागेल, आणि तुला राग आला तर तो तू आम्हाला सांगायचा. 'आता तू मोठी ताई झालीस, समजून घे' एवढ्यावर भागवलं तर ती मुलगी वर्षभर समजून घेते आणि मग एक दिवस फुटते. तिची एखादी वस्तू, एखादी वेळ फक्त तिची राहील असं आधीच ठरवून ठेवा.

शेजाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं: 'हा अमुक, आमच्याकडे राहतो.' सोसायटीच्या जिन्यात त्यापुढचा इतिहास सांगायची गरज नाही. कुणी कौतुकाने 'किती पुण्याचं काम करता' म्हणालं तर मुलासमोर ते लगेच तोडा. आपण कुणाच्या पुण्याचं साधन आहोत, हे ऐकत मोठं व्हायला कुणालाही आवडत नाही.

मुलाचं नाव बदलू नका. त्याची भाषा, जेवण आणि देव जपता येतील तेवढे जपा. मेळघाटातून आलेलं मूल कोरकूत स्वप्न बघत असेल. मटण खाऊन वाढलेल्याला तुमच्या घरचं वरणभात पहिल्याच दिवशी गोड लागणार नाही. भावंडं असतील तर त्यांना एकाच घरात ठेवण्याचा प्रयत्न करावा असं कायदाच सांगतो. तुमच्याकडे एकच येत असेल तर दुसऱ्याशी भेट कधी, फोन कधी, हे आदेशात लिहून मागा.

आठवी पायरी: मूल आल्यानंतरचं शिकणं

आधी एकदोन भेटी, मग शक्य असेल तर एखादा शनिवार-रविवार, मग मुक्काम, असा क्रम कक्षाने ठेवावा अशी विनंती करा. मुलाचं मत विचारलं जातं, आणि मोठं मूल 'नको' म्हणू शकतं. तो नकार मनाला लावून घेऊ नका.

कायद्याने दर महिन्याला फॉस्टर कुटुंबाची पाहणी ठेवली आहे. आपल्यावर पाळत आहे असं वाटून अनेक जण त्या दिवशी सगळं छान असल्याचं सांगतात. हाच दिवस मदत मागायचा आहे. एका वहीत तारखेसह लिहीत जा: झोप, जेवण, शाळा, भेटींनंतरचं वागणं, तुमचा स्वतःचा तोल कधी गेला तेही. पाहणीला आलेल्या व्यक्तीसमोर वही उघडून विचारा. समुपदेशकाची गरज असेल तर ती त्याच वेळी लेखी मागा. तुमचंच मन थकलं असेल तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलता येतं. मुलाला मोठी शस्त्रक्रिया लागणार असेल, तुम्ही घर बदलणार असाल, त्याला दुसऱ्या राज्यात लग्नाला न्यायचं असेल, तर निघण्याआधी कक्षाशी बोला.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

तिथे प्रकार उलटा आहे: तासांचा हिशेब चोख. कॅलिफोर्नियात फॉस्टर कुटुंबाला आता 'रिसोर्स फॅमिली' म्हणतात. मान्यतेआधी किमान १२ तास आणि त्यानंतर दरवर्षी ८ तास प्रशिक्षण घ्यावं लागतं, शिवाय प्रथमोपचार आणि सीपीआर. काउंटी किंवा संस्था यापेक्षा जास्तही मागू शकते. इंग्लंडमध्ये मूल्यमापनाच्या काळात 'स्किल्स टू फॉस्टर' हा वर्ग बहुतेक ठिकाणी करावा लागतो आणि मान्यता मिळाल्यापासून १२ महिन्यांत ठरावीक मानकांची वही पुरावे लावून भरावी लागते. नातेवाइकाचं मूल सांभाळणाऱ्यांना १८ महिने मिळतात. मराठी बोलणारी घरं तिथल्या यंत्रणेला हवीच असतात, कारण दक्षिण आशियाई मुलाला घरात ओळखीची भाषा आणि जेवण मिळणं मोलाचं मानलं जातं. एकच जपायचं: आपल्याकडे चालून जाणारी चापट तिथे मान्यता रद्द होण्याचं कारण ठरते. इथल्या वाचकांनाही या वर्गांची विषयसूची उपयोगी पडेल. ती संकेतस्थळांवर उघडपणे मिळते. छापून कक्षात न्या आणि यातलं काय शिकवाल ते विचारा.

नववी पायरी: निरोपाची तयारी सुरुवातीलाच

मूल परत कधी जाऊ शकतं, हे आदेशातल्या मुदतीवरून आणि त्याच्या काळजी आराखड्यावरून साधारण कळतं. पहिल्याच महिन्यात एक मोठी वही करा: फोटो, पडलेला दात, शाळेचं प्रगतिपुस्तक, पहिल्यांदा केलेल्या कांदेपोह्यांची कृती, मित्रांची नावं. त्याच्या आयुष्यातला हा तुकडा हरवू नये म्हणून ती वही त्याची, तुमची नाही. निरोपाची तारीख ठरली की मुलाला आधी सांगा. आदल्या रात्री नव्हे. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून देऊ नका, एक चांगली बॅग घ्या. त्याच्या आईला, किंवा जिथे जाणार त्या व्यक्तीला, त्याच्या झोपेच्या आणि खाण्याच्या सवयी एका पानावर लिहून द्या. नंतर फोन किंवा भेट ठेवता येईल का, हे समितीला आधीच विचारा. परस्पर ठरवू नका.

आणि कक्षातून लगेच दुसऱ्या मुलासाठी फोन आला तर 'थोडा वेळ द्या' असं म्हणायची तुम्हाला मुभा आहे. घरातली मुलं आणि आजी पुन्हा नीट जेवू लागेपर्यंत थांबा, मग नोंदणी चालू ठेवायची की नाही ते कळवा.